आमदारांनी रुग्णालयाचा प्रश्न विधानसभेत मांडला. निधी आणि पदे प्रत्यक्षात मिळण्यासाठी पुढे काय करावे?

गोदाकाठ

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि तिथेच शिक्षकाची नोकरी करतो. आमच्याकडे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्याचा शासन निर्णय निघाला, भूमिपूजन झाले, नवी इमारत पहिल्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आली आणि तिथेच थांबली. आता त्या स्लॅबच्या सळ्यांना गंज चढला आहे. जुन्या इमारतीत काम चालू आहे, परंतु भूलतज्ज्ञाचे पद रिक्त असल्यामुळे सिझेरियनची वेळ आली की बाळंतिणीला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते. क्ष-किरण यंत्र आहे. ते चालवणारा तंत्रज्ञ मात्र दुसऱ्या रुग्णालयातून ठरावीक वारीच येतो, त्यामुळे इतर दिवशी हात मोडलेल्या माणसाला खासगी दवाखान्याचा रस्ता धरावा लागतो.

मागील अधिवेशनात आमच्या आमदारांनी यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. प्रश्नाची रचना नेहमीची होती: श्रेणीवर्धनाचे काम बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ते पूर्ण करण्यासाठी कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. छापील उत्तरात पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’, दुसऱ्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि तिसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हटले होते. उपप्रश्नाच्या वेळी मंत्रिमहोदयांनी निधी उपलब्ध करून दिला जाईल आणि रिक्त पदे लवकरच भरली जातील असे सांगितले. त्याची चित्रफीत तालुक्यातील प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोहोचली. त्यानंतर बांधकामावर एक घमेलेही हललेले नाही.

आमदार कोणत्या पक्षाचे आहेत हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्याविषयी नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सभागृहात मंत्र्यांनी दिलेल्या शब्दाला काही बंधन असते का? निधी खरोखर दिला गेला की नाही हे सामान्य माणसाने कुठे पाहावे? आणि आमदारांच्या हाती आम्ही नेमके काय द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तरावर विषय संपणार नाही?

जमाखर्च

गोदाकाठ, मी लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ते समजले की तिसऱ्याचे उत्तर आपोआप पुढे येते.

‘निधी उपलब्ध करून दिला जाईल’ हे वाक्य ऐकायला एकच वाटते, परंतु शासनात त्याचे निदान चार वेगळे कागद होतात आणि ते चार वेगळ्या टेबलांवर तयार होतात. पहिला कागद म्हणजे इमारतीची प्रशासकीय मान्यता. ती आरोग्य विभाग देतो आणि तिच्यात कामाची एकूण किंमत असते. दुसरा म्हणजे त्या वर्षाच्या अर्थसंकल्पातील तरतूद. तिसरा म्हणजे त्या तरतुदीतून प्रत्यक्ष वितरित झालेला निधी, ज्यावर वित्त विभागाचे नियंत्रण असते. चौथा कागद पदनिर्मितीचा. नवी पदे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीच्या मान्यतेशिवाय निर्माण होत नाहीत. यांपैकी एखादाच कागद निघालेला असला, तरी ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर खोटे ठरत नाही. म्हणून प्रश्न विचारताना कोणता कागद हवा आहे हे नाव घेऊन विचारावे लागते.

इमारतीचा आणि माणसांचा पैसा तर एका लेखाशीर्षातूनही, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या एका खात्यातूनही, येत नाही. डॉक्टर आणि परिचारिकांचे वेतन, औषधे, विजेचे देयक हा खर्च ‘२२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ या महसुली शीर्षाखाली पडतो. इमारत ‘४२१०’ या भांडवली शीर्षाखाली येते आणि बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. आपल्या आमदारांनी आरोग्यमंत्र्यांना विचारले असेल आणि अडचण बांधकाम विभागाकडे थकलेल्या देयकांची असेल, तर आरोग्यमंत्री त्यांच्या परीने खरे उत्तर देऊनही आपल्या हाती काही लागणार नाही.

स्लॅबपर्यंत येऊन थांबलेले काम पाहिले की माझ्या मनात पहिली शंका नाममात्र तरतुदीची येते. अर्थसंकल्पात कामे खूप घ्यायची असतात, कारण प्रत्येक तालुक्याची मागणी असते. पैसा मात्र तेवढा नसतो. मग कोट्यवधींच्या कामापुढे वर्षाला काही लाखांची तरतूद दाखवली जाते. काम अर्थसंकल्पात आले, कार्यारंभ आदेश निघाला, ठेकेदाराने पाया आणि स्तंभ उभे केले, देयक सादर केले आणि ते देण्याइतकी रक्कमच त्या वर्षात शिल्लक नसते. तो माणसे आणि यंत्रे उचलून दुसऱ्या कामावर नेतो. दोनतीन वर्षे अशी गेली की दरसूची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांची यादी, बदलते, मूळ रकमेत काम पूर्ण होऊ शकत नाही आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव मुंबईला जातो. तिथे तो किती दिवस पडून आहे, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न असतो.

वेळेचे गणितही लक्षात घ्यावे. विधानसभेने मंजूर केलेली तरतूद ३१ मार्चला संपते. जी रक्कम खर्च झाली नाही ती व्यपगत होते, म्हणजे रद्द होते, किंवा त्याआधी विभाग ती समर्पित करतो, म्हणजे परत करतो. वर्षभर हात आखडता आणि मार्चमध्ये घाई, हा प्रकार महालेखापरीक्षकांनी अनेक अहवालांत नोंदवला आहे. पुरवणी मागण्यांद्वारे, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच केलेल्या मागण्यांद्वारे, वाढीव तरतूद घ्यायची आणि वर्षाअखेरीस मूळ तरतूदही पुरती खर्च झालेली नसायची, अशी उदाहरणे राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील त्यांच्या वार्षिक अहवालात दरवर्षी सापडतात. त्यामुळे डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात एखाद्या कामाला पुरवणी मागणीत स्थान मिळाले, तर जल्लोष करण्याआधी ती रक्कम मार्चपूर्वी खर्च होण्यासारखी आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

आता कुठे पाहावे. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची सर्व पुस्तके आणि पुरवणी मागण्यांच्या पुस्तिका मराठीत असतात. राज्याच्या ‘बीम्स’ या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. एका रुग्णालयाचा आकडा त्यात सहसा सुटा मिळत नाही. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विभागीय कार्यालयात माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. अर्जात ‘कामाची सद्यःस्थिती कळवावी’ असे लिहू नये. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, वर्षनिहाय तरतूद, वर्षनिहाय खर्च, ठेकेदाराच्या प्रलंबित देयकांची रक्कम आणि सुधारित मान्यतेचा प्रस्ताव पाठवल्याचा जावक क्रमांक मागावा. जावक क्रमांक मिळाला की कागद कोणत्या दाराशी अडला आहे ते कळते.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यात पंचायत समितीची सदस्य होते. वरील माहिती अत्यंत उपयुक्त आहे, परंतु त्याआधीची एक पायरी आपल्याकडे नेहमी राहून जाते, ती म्हणजे कोणती सेवा कोणाच्या अखत्यारीत आहे हे ठरवणे.

आरोग्याचेच पाहा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि त्याचा जाब जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारायचा असतो. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्य शासनाच्या आरोग्य सेवेकडे असते आणि तिथे जिल्हा शल्यचिकित्सक उत्तरदायी असतात. लोकसंख्येचे निकषही ठरलेले आहेत: सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगरी भागात हेच प्रमाण ३,००० आणि २०,००० आहे. आपल्या तालुक्यात या निकषाने किती केंद्रे असायला हवीत आणि किती आहेत, हे आधी मांडा. ग्रामीण रुग्णालयावरचा ताण बहुतेक वेळा खालची केंद्रे नीट चालत नसल्यामुळे वाढलेला असतो आणि नुसत्या खाटा वाढवून तो कमी होत नाही.

पाण्याचीही अशीच गुंतागुंत आहे. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे आहे. काही गावांची योजना जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असते, काहींची महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. पूर्ण झालेली योजना चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते आणि वीजदेयक थकले की पंप बंद पडतो. आमदारांनी सभागृहात ‘योजना अपूर्ण आहे’ असे म्हटले आणि मंत्र्यांनी ‘योजना पूर्ण झाली आहे’ असे उत्तर दिले, तर दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असू शकतात, आणि गावातली बाई हंडा घेऊन विहिरीवर उभी असते.

अलीकडच्या काळात आमदारांवरचा भार फार वाढला, त्याचे एक कारण सांगितलेच पाहिजे. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने तिथे दीर्घकाळ प्रशासक राहिले. शाळेच्या गळक्या छपराचा, अंगणवाडीच्या खोलीचा, गावरस्त्यावरील मोरीचा विषय जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत निघायचा. तो विचारणारा सदस्यच उरला नाही, म्हणून लोक थेट आमदारांच्या दारात गेले. विधानसभेच्या २८८ सदस्यांनी मोऱ्या आणि छपरे यांचे प्रश्न मुंबईत मांडायचे, ही व्यवस्था निरोगी नाही. मी स्वतः पंचायत समितीच्या सभागृहात बसलेली असल्यामुळे मला याचे फार वाईट वाटते.

आमदार निधीविषयीही स्पष्ट बोलावे. २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. त्यातून सभागृह, रस्ता, रुग्णवाहिका, साहित्य अशा टिकाऊ गोष्टी होतात. भूलतज्ज्ञाचा किंवा तंत्रज्ञाचा पगार होत नाही. तालुक्यात यंत्रे येतात आणि चालवणारे हात येत नाहीत, त्याचे एक मूळ इथे आहे. आपल्या आमदारांना कुणी ‘निधीतून सोनोग्राफी यंत्र द्या’ अशी विनंती करणार असेल, तर त्याआधी क्ष-किरण तंत्रज्ञाच्या नियमित नेमणुकीची मागणी पुढे करा.

पत्रकार कक्ष

विधिमंडळाचे वार्तांकन मी बरीच वर्षे केले आहे. गोदाकाठ यांचा पहिला प्रश्न, म्हणजे मंत्र्यांच्या शब्दाला बंधन असते का, तो मी घेतो.

बंधन असते. मंत्र्याने सभागृहात ‘निधी दिला जाईल’, ‘चौकशी केली जाईल’, ‘पदे भरली जातील’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. सभागृहातील भाषणांतून आश्वासने वेचून ती विभागाकडे पाठवली जातात, विभागाने ठरलेल्या मुदतीत पूर्तता करायची असते आणि ती न झाल्यास समिती संबंधित सचिवांना साक्षीला बोलावू शकते. त्यामुळे आपल्या आमदारांना करावयाची पहिली विनंती अशी: त्या दिवशीच्या कार्यवाहीतील मंत्र्यांचे ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदले गेले आहे का, हे विधानमंडळ सचिवालयाकडून लेखी तपासून घ्यावे. नोंदले गेले असेल, तर विभागाने पूर्ततेचा अहवाल दिला का, हे विचारता येते. नसेल, तर ते समितीच्या निदर्शनास आणून देता येते. बहुतेक ठिकाणी चित्रफीत सर्वत्र फिरते आणि हा पाठपुरावा कुणीच करत नाही.

साधनांची निवडही महत्त्वाची आहे. तारांकित प्रश्नाला प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतात, परंतु यादीत वरचा क्रमांक लागला नाही तर तो प्रश्न चर्चेला न येता केवळ लेखी उत्तरावर भागतो. विधानसभेच्या कामकाजाच्या नियम १०५ खालील लक्षवेधी सूचनेत मंत्र्याला निवेदन करावे लागते आणि त्यावर खुलासे विचारता येतात. एखाद्या रुग्णालयात तातडीची परिस्थिती असेल तर हे साधन अधिक परिणामकारक आहे. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. विषय एका तालुक्यापुरता नसून राज्यभर श्रेणीवर्धनाची कामे अडली असतील, तर अनेक सदस्यांनी मिळून नियम २९३ खाली चर्चा मागणे योग्य.

आणखी एक मर्यादा लोकांना ठाऊक नसते, आणि तिच्यामुळे आमदारांविषयी अकारण राग निर्माण होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाची मागणी मंजूर करणे, नाकारणे किंवा कमी करणे एवढेच विधानसभेच्या हाती आहे. ती वाढवण्याचा अधिकार सभागृहाला नाही. ‘माझ्या तालुक्याला इतके कोटी जास्त द्या’ असा ठराव आमदार मंजूर करून घेऊ शकत नाहीत. म्हणून ते कपात सूचना देतात: आरोग्य विभागाच्या मागणीत लाक्षणिक कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने आपल्या रुग्णालयाचा विषय नोंदवायचा. मागण्यांवरील चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात, हे मी पत्रकार कक्षातून पुष्कळदा पाहिले आहे, आणि राज्याचा एवढा मोठा खर्च अशा रीतीने मंजूर होताना पाहून दर वेळी अस्वस्थ झालो आहे. तरीही कपात सूचना छापील स्वरूपात राहते आणि विषयाची नोंद होते.

स्थानिक प्रश्नातून राज्याचे धोरण कसे घडते याचे आपल्याकडे मोठे उदाहरण आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण भागातील बेकारीवर त्यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात तिची गरज साऱ्या राज्याला पटली. ती टिकली याचे कारण तिला पैशाची स्वतंत्र वाट करून दिली गेली: १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि त्याचे उत्पन्न या योजनेकडे वळवले गेले. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. खर्चाची मागणी करताना तो पैसा कुठून येणार याचा विचार पागे यांनी सोडला नाही, आणि आजच्या स्थानिक मागण्यांत नेमके तेवढेच नसते.

माणदेशी

वरील प्रतिसादांशी मी मोठ्या प्रमाणात सहमत आहे, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप नोंदवतो. आमदाराने जोर लावला तर निधी, नाही तर नाही, असे असेल तर आपण ज्याला पाठपुरावा म्हणतो त्याचा लाभ बोलक्या आणि सत्तेजवळच्या तालुक्यांनाच होणार. ज्या तालुक्याचा आमदार नवखा आहे, विरोधी बाकांवर आहे किंवा आजारी आहे, तिथल्या बाळंतिणीने काय करायचे? सार्वजनिक सेवा ही निकषांवर मिळाली पाहिजे, शिफारसपत्रावर नव्हे.

महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वी गंभीरपणे घेतला होता. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातील एक अधिवेशन मिळाले आणि मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे मान्य झाले. पुढे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्याजिल्ह्यांतील अनुशेष विषयवार मोजला. अनुच्छेद ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मराठवाड्यातल्या आमदारांनी आपापल्या रुग्णालयांबरोबर हा विषयही एकत्रितपणे लावून धरला, तर तो सर्व तालुक्यांच्या कामाचा होईल.

तरीही मी आमदारांच्या चिकाटीला कमी लेखत नाही, कारण ती मी जवळून पाहिली आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि एकूण ११ वेळा विधानसभेवर गेले. माणदेशाच्या कोरड्या तालुक्यांत कृष्णेचे पाणी यावे म्हणून टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचा विषय त्यांनी वर्षानुवर्षे सोडला नाही. १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या टेंभूचे पाणी शेवटच्या गावांच्या बांधावर येईपर्यंत एक पिढी उलटली. सुधारित अंदाजपत्रके झाली, सरकारे बदलली. त्यांचा पक्ष बहुतेक काळ विरोधात होता. माझे वडील सांगत, की गणपतराव सभेत बोलायला उठले की आधी आकडा सांगत, कोणत्या कालव्याचे किती किलोमीटर झाले आणि किती राहिले, आणि मग मागणी करीत. सत्तेत असलेल्यांना त्या आकड्याला उत्तर द्यावेच लागे. माझा आक्षेप ज्या तालुक्याला असा माणूस मिळत नाही त्याच्या बाजूने आहे, एवढेच.

पत्रकार कक्ष

माणदेशी यांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याला विधिमंडळात एक उत्तरही आहे. अनुच्छेद १५१ प्रमाणे महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतात आणि लोकलेखा समिती त्यांची तपासणी करते. जिल्हा परिषदांच्या खर्चासाठी पंचायती राज समिती आहे आणि ती जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. या समित्यांत पक्षभेद सभागृहापेक्षा कमी जाणवतो, कारण तिथे समोर कागद असतो आणि कॅमेरा नसतो. अपूर्ण रुग्णालय इमारतींचा विषय एखाद्या लेखापरीक्षणात आला, तर तो एका आमदाराचा राहत नाही. आपले आमदार यांपैकी एखाद्या समितीवर सदस्य आहेत का, हे अवश्य पाहावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या प्रतिसादांवरून मी आमदारांना द्यायच्या प्रश्नाचा मसुदा केला आहे. कृपया तपासून द्यावा.

‘(१) या ग्रामीण रुग्णालयाच्या श्रेणीवर्धनाच्या इमारतीचे काम निधीअभावी बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, प्रशासकीय मान्यतेपासून आजवर वर्षनिहाय किती तरतूद, किती वितरण व किती खर्च झाला आणि ठेकेदाराची किती देयके प्रलंबित आहेत, (३) सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव शासनाकडे कोणत्या दिनांकास प्राप्त झाला व त्यावर कोणता निर्णय घेण्यात आला, (४) मंजूर पदांपैकी किती पदे रिक्त आहेत आणि ५० खाटांसाठीची पदनिर्मिती उच्चस्तरीय सचिव समितीपुढे केव्हा ठेवण्यात आली, (५) मागील अधिवेशनात दिलेल्या आश्वासनाच्या पूर्ततेचा अहवाल सादर झाला काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

याबरोबर तालुक्यातील उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांची निकषाशी तुलना करणारा तक्ता जोडत आहे. तो करताना वैनगंगा यांचे म्हणणे किती खरे आहे ते दिसले: पश्चिमेकडील दोन मोठ्या गावांचे मिळून एकच उपकेंद्र आहे आणि तिथल्या सगळ्या बाळंतिणी थेट आमच्या ग्रामीण रुग्णालयात येतात.

जमाखर्च

मसुदा चांगला आहे. तीन दुरुस्त्या सुचवतो. पहिल्या भागातील ‘निधीअभावी’ हा शब्द काढून टाका. काम दुसऱ्या कारणाने बंद असल्याचे दाखवून विभाग ‘हे खरे नाही’ असे उत्तर देईल आणि पुढचे सर्व भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या वाक्यात संपतील. फक्त ‘काम बंद आहे’ एवढेच लिहा, कारण ते नाकारता येणार नाही. रिक्त पदांचा भाग वेगळ्या प्रश्नात घ्या आणि त्यात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व क्ष-किरण तंत्रज्ञ ही पदे नावाने विचारा. नियमित आणि कंत्राटी असे दोन रकाने मागा, नाही तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी माणसे धरून ‘पदे भरलेली आहेत’ असे उत्तर येऊ शकते. इमारतीचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांबरोबरच सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांच्या नावेही स्वतंत्रपणे जाऊ द्या.

प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी सचिवालयाकडे द्याव्या लागतात, त्यामुळे हा कागद आमदारांच्या स्वीय सहायकांकडे लवकरात लवकर पोहोचवा आणि त्याची पोच घ्या. माहिती अधिकाराचे उत्तर ३० दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. ते हाती आले की उपप्रश्नासाठी आमदारांना अर्ध्या पानाचे टिपण करून द्या. सभागृहात उभे असताना त्यापेक्षा जास्त वाचायला वेळ मिळत नाही.